नार्कॅनचा फवारा: मोटेलच्या काउंटरवरून

नार्कॅन म्हणजे हेरॉइन, फेंटानिल असल्या नशेचा ओव्हरडोस झाला की नाकात मारायचा फवारा. ज्याच्यासाठी हे औषध आहे, त्याला ते स्वतः कधीच घेता येत नाही. गरज पडते तेव्हा तो निपचित पडलेला असतो, श्वास जेमतेम चालू असतो किंवा थांबलेला असतो. विकत आणणारा दुसरा, जपून ठेवणारा तिसरा, आणि ऐन वेळी नाकात मारणारा कदाचित चौथाच कुणीतरी. त्यामुळे "मी घेतलं आणि मला गुण आला" असं लिहिणारं गिऱ्हाईक या मालाला सहसा मिळायचं नाही. मिळालंच तर ते चिडलेलं असेल. का, ते पुढे येईलच.

मी ओरेगॉनमधल्या पोर्टलँडला राहते आणि ८२व्या अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका मोटेलात रात्रपाळीला काउंटरवर बसते. डॉक्टर नाही, नर्स नाही. चाव्या देणं, जादा टॉवेल देणं, ड्रायरमध्ये अडकलेली नाणी काढून देणं हे माझं काम. मालक गुजराती, मी मराठी, सफाईला येणाऱ्या बायका ग्वाटेमालाच्या, आणि खोल्यांतली माणसं आपापल्या कटकटी घेऊन आलेली. खोल्या आवरताना जळक्या फॉइलचे तुकडे आणि अर्ध्या कापलेल्या स्ट्रॉ सापडणं नेहमीचं झालं, तेव्हापासून काउंटरच्या खणात स्टेपलरशेजारी हे खोकं असतं. फेंटानिल म्हणजे हेरॉइनच्याच जातीचं, पण त्याहून जोरदार औषध. इथे ते बहुतेक जण टोचून घेत नाहीत. फॉइलवर गोळी ठेवून खालून लायटर धरतात आणि धूर ओढतात.

तर माल काय आहे. खोक्यात दोन सीलबंद पाकिटं. प्रत्येकात मुठीत मावेल एवढं पांढरं प्लास्टिक: वर नाकात घालायची नळी, खाली दट्ट्या. आत नॅलोक्सोन, ४ मिलिग्रॅम, एका दाबात सगळं बाहेर. आधी हवेत मारून बघायचं नाही. बघितलंत तर तो डोस भिंतीला गेला. सुई नाही, मोजमाप नाही, जोडाजोडी नाही. दोन बोटं नळीच्या दोन्ही बाजूंना, अंगठा दट्ट्याखाली, पडलेल्याची मान हातानं उचलून डोकं मागे, बोटं नाकाला टेकेपर्यंत नळी आत, आणि दाब. थरथरत्या हातांनीही जमतं. ज्यानं कुणी हे घडवलं त्यानं घाबरलेल्या माणसाचा विचार केलेला दिसतो. या बाबतीत मला काडीचीही तक्रार नाही.

औषध नवं नाही. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टीन यांनी १९६१ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९७१ साली अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं मान्यता दिली. त्यानंतर पंचवीस वर्षं ते इस्पितळात आणि ॲम्ब्युलन्समध्येच राहिलं. १९९६ साली शिकागोत डॅन बिग आणि त्यांच्या शिकागो रिकव्हरी अलायन्सनं ते थेट नशा करणाऱ्यांच्याच हातात द्यायला सुरुवात केली, कारण ओव्हरडोस होतो तेव्हा शेजारी डॉक्टर नसतो, दुसरा नशा करणाराच असतो. इतकी साधी गोष्ट, पण ती त्यांनी करेपर्यंत कुणी केली नव्हती. नाकातला तयार फवारा २०१५ च्या नोव्हेंबरात मंजूर झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची परवानगी मिळाली २०२३ च्या मार्चमध्ये, आणि सप्टेंबरात तो दुकानांत आला. मधल्या काळातली एक गोष्ट मला फार लागली: २००३ साली फिशमन यांचा सावत्र मुलगा हेरॉइनच्या ओव्हरडोसनं गेला. तेव्हा हे औषध कुणालाही दुकानातून आणून घरात ठेवता येत नव्हतं.

किंमत दोन डोसांना ४४.९९ डॉलर ठेवली गेली. इथे माझे तारे कापले जातात. आमच्याकडे आठवड्याच्या भाड्यावर राहणाऱ्या माणसाला पंचेचाळीस डॉलर म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. शेवटचे दहा डॉलर उद्या देतो म्हणून काउंटरवर उभे राहतात ती माणसं. कॅलिफोर्निया सरकारनं २०२४ मध्ये तेच दोन डोस २४ डॉलरला विकायला आणले, म्हणजे कमी किमतीत जमतं हे उघड आहे. औषध तेच असलेली दुसऱ्या कंपन्यांची खोकीही आता दुकानात दिसतात. त्याहून चांगलं म्हणजे फुकट: काउंटीचं आरोग्य खातं आणि नशा करणाऱ्यांना वापरलेल्या सुया बदलून नव्या देणाऱ्या संस्था ते वाटतात. पोर्टलँडची आउटसाइड इन ही संस्था १९८९ पासून सुया बदलून देते आहे, अमेरिकेत हे काम सगळ्यात आधी सुरू करणाऱ्यांपैकी ती एक. दुकानात जाऊन पैसे मोजण्याआधी तिथे विचारा.

आता काम कसं करतं ते. फेंटानिल, हेरॉइन, ऑक्सिकोडोन (दुखण्यावरची गोळी) ही सगळी ओपिऑइड म्हणवणारी औषधं मेंदूतल्या ठरावीक जागांना चिकटतात. दुखणं थांबतं, बरं वाटतं, आणि प्रमाण वाढलं की श्वास चालू ठेवण्याचं मेंदूचं काम मंदावत जातं. ओव्हरडोसमध्ये माणूस मरतो तो बहुधा श्वास थांबून. नॅलोक्सोन त्याच जागांवर जाऊन बसतं आणि आधीच्याला हुसकावून लावतं. स्वतः नशा देत नाही. दारू, कोकेन, मेथ, झोपेच्या गोळ्या यांवर त्याचा परिणाम शून्य. पण पडलेल्या माणसाच्या अंगात ओपिऑइड नसलंच तरी या फवाऱ्यानं त्याचं नुकसान होत नाही. हे वाक्य खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापायला हवं. कारण हात थबकतो तो तिथेच: नक्की काय घेतलंय कुणास ठाऊक, मी दिलं आणि भलतंच झालं तर? काही होत नाही. द्या.

पहिल्यांदा द्यायची वेळ आली ती एका पहाटे दोनच्या सुमारास. तळमजल्यावरच्या खोलीतल्या गिऱ्हाइकाचा मित्र अनवाणी धावत आला. तो गिऱ्हाईक म्हणजे छपरं घालायच्या कामावरचा पन्नाशीचा माणूस, पाठ गेलेली, व्हॅनमध्ये स्वतःची हत्यारं, दोन रात्रींचं भाडं आगाऊ भरलेलं. पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पडला होता. घोरल्यासारखा घरघर आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा घरघर. मी ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावून फोन स्पीकरवर ठेवला. नावानं हाका मारल्या, छातीच्या हाडावर मुठीची टोकं जोरात घासली. पापणी हलली नाही. फवारा मारला.

सूचना सांगतात, दोन ते तीन मिनिटं थांबा, फरक नाही पडला तर दुसरा डोस दुसऱ्या नाकपुडीत. पण नुसतं थांबायचं नसतं. फोनवरच्या बाईंनी डोकं मागे कलवून, नाक दाबून तोंडानं श्वास द्यायला लावले, आणि माझं मत असं की जीव त्या श्वासांनीही तितकाच वाचतो. खोक्यावरची चित्रं फवाऱ्यावरच भर देतात. श्वास देण्याचं कुणीतरी आधी शिकवलं असेल तरच सुचतं. दुसरा डोस दिल्यावर काही वेळानं त्यानं मोठा श्वास घेतला, डोळे उघडले, आणि मला आईवरून शिवी दिली. मग माझ्या बुटांवर ओकला. मग फॉइल कुठाय म्हणून शोधायला लागला.

म्हणून म्हटलं, गिऱ्हाईक चिडलेलं असेल. औषध सगळं ओपिऑइड एका झटक्यात बाजूला सारतं, आणि रोज नशा करणाऱ्याचं शरीर तत्क्षणी टर्कीत, म्हणजे नशा एकदम तुटल्याच्या त्रासात जातं: घाम, थंडी, उलट्या, अंगात हजार ठिकाणी दुखणं. त्याच्या बाजूनं बघितलं तर तो छान झोपला होता आणि एका अनोळखी बाईनं त्याला नरकात उठवून बसवलं. आभाराची अपेक्षा ठेवून हे खोकं विकत घेऊ नका.

पॅरामेडिक आले. इस्पितळात जायला तो तयार होईना. त्यांनी शांतपणे समजावलं की फवाऱ्याचा असर तीस ते नव्वद मिनिटं राहतो, आत घेतलेलं त्याहून जास्त टिकू शकतं, आणि मग तो पुन्हा तसाच बुडू शकतो. तरीही नाही म्हणाला. मित्र जागा राहिला, मी अधूनमधून दार ठोठावत राहिले. सकाळी नाश्त्याच्या वेळी तो अंघोळ करून, केस विंचरून खाली आला आणि वॉफलचं मशीन बंद आहे म्हणून माझ्याकडे तक्रार केली. खरोखरच बंद होतं. तक्रार रास्त होती.

ही सकाळ टीव्हीवर कधीच येत नाही, आणि या मालाच्या परीक्षणात तिला जागा आहे असं मला वाटतं. कारण फवारा चालतो की नाही हे ठरण्याआधी एक गोष्ट ठरावी लागते: समोर पडलेल्याला पाहून बघणाऱ्याचा हात खणाकडे जातो की खिशातल्या फोनच्या कॅमेऱ्याकडे. तो हात कुठे जावा याचं शिक्षण आपल्याला बातम्या देतात.

पोर्टलँडवर २०२३-२४ मध्ये देशभरातून कॅमेरे येत होते. दृश्य ठरलेलं. फुटपाथ, कमरेत वाकून उभ्या उभ्या गुंगलेला माणूस, फॉइलखाली लायटर, आणि वर 'झोंबी' हा शब्द. फिलाडेल्फियाच्या केन्सिंग्टन भागात तर गाडीतून हळूहळू जात लोकांचे चेहरे टिपायचे आणि यूट्यूबवर टाकायचे, हा कित्येकांचा धंदाच झालाय. त्या वाकलेल्यांना कुणी विचारलेलं नसतं. झोंबी म्हणजे आधीच मेलेला. मेलेल्याला फवारा कशाला मारायचा? २०१६ च्या सप्टेंबरात ओहायोतल्या ईस्ट लिव्हरपूल गावच्या प्रशासनानं गाडीत बेशुद्ध पडलेल्या जोडप्याचा फोटो फेसबुकवर टाकला. मागच्या सीटवर चार वर्षांचं पोर जागं, कॅमेऱ्याकडे बघत होतं. लोकांना जागं करायला टाकला असं सांगितलं गेलं. त्या पोराला मोठेपणी तो सापडेल तेव्हाचं काय, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

पण प्रत्यक्ष कामात सगळ्यात जास्त नुकसान करणाऱ्या बातम्या वेगळ्याच. पोलिसानं फेंटानिलच्या पुडीला हात लावला आणि तो जागच्या जागी कोसळला, असे व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरताहेत. विषवैद्यांच्या दोन अमेरिकन संघटनांनी २०१७ सालीच संयुक्त निवेदन काढून सांगितलंय की चुकून त्वचेला लागल्यानं किंवा जवळ उभं राहिल्यानं असा ओव्हरडोस होण्याची शक्यता अत्यंत कमी आहे. पण निवेदन कोण वाचतं, व्हिडिओ सगळे बघतात. आमच्याकडची सफाईवाली, तीन पोरांची आई, हुशार बाई, मला म्हणाली होती की असा कुणी दिसला तर मी दार ओढून घेईन आणि तुम्हाला बोलवेन, हात लावणार नाही, माझी पोरं लहान आहेत. तिचं काय चुकलं? बातमीनं तिला तेच शिकवलं होतं. मी तिला खोकं उघडून दाखवलं, हातमोजे दिले, आणि हातमोजे नसले तरी चालेल हेही सांगितलं. आता तिच्या ट्रॉलीतही एक पाकीट असतं.

आणि दया वाटायला लावणाऱ्या बातम्या नसतात असं नाही. असतात, कुणासाठी, ते बघा. ऐंशीच्या दशकात क्रॅक कोकेन काळ्यांच्या वस्त्यांत पसरलं तेव्हा १९८६ चा कायदा आला: ५ ग्रॅम क्रॅकला जी पाच वर्षांची किमान शिक्षा, तीच मिळायला कोकेनची पूड ५०० ग्रॅम लागायची. शंभरास एक. २०१० साली ते प्रमाण अठरास एकवर आणलं, अजूनही समान नाही. पुढे १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे दुखण्यावरचं ओपिऑइड बाजारात आलं, पर्ड्यू फार्मा या कंपनीनं ते व्यसन लावण्यात कमी धोक्याचं म्हणून खपवलं, त्याबद्दल कंपनीनं २००७ मध्ये गुन्हा कबूल केला आणि २०२० मध्ये पुन्हा वेगळ्या आरोपांवर केला. गोळ्या गोऱ्या गावांत आणि उपनगरांत पसरल्या होत्या. मग वर्तमानपत्रांत ग्रॅज्युएशनचे हसरे फोटो आले, आया बोलायला लागल्या, 'हा आजार आहे' असं छापून यायला लागलं. ते छापलं हे चांगलंच झालं. फक्त तीस वर्षं आधी का नाही, असा प्रश्न एखाद्या काळ्या म्हातारीनं विचारला तर उत्तर द्यायला मला तोंड नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं २०१७ मध्ये आपल्या वार्ताहरांसाठी भाषेचे नियम बदलले, माणसावर 'ॲडिक्ट' असा शिक्का मारू नका म्हणून सांगितलं. बरं झालं. चित्रं मात्र तीच राहिली.

आमचा छपरं घालणारा या दोन्ही चौकटींत बसत नाही. त्याचा हसरा ग्रॅज्युएशनचा फोटो नाही आणि तो झोंबीही नाही. तो कामावर जातो, पाठीसाठी घेतो, आता पाठ निमित्त राहिली आहे हे त्यालाही कळतं, आणि त्याला वॉफल आवडतं.

आमच्या मंडळाच्या गणपतीत मी हे खोकं पर्समधून काढून दाखवलं तेव्हा एक काका म्हणाले, "ताई, वाचवून उपयोग काय? पुन्हा तेच करणार ना?" मी म्हटलं, "काका, तुमची बायपास झाली त्यानंतर तुम्ही बटाटेवडा सोडलात का?" काकू जोरात हसल्या, काका नाही हसले. पण त्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, बरेच जण विचारतात. पुन्हा करतात, हो. काही जण मरतात. काही जण मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही व्यसनावरच्या उपचाराची औषधं घेऊन हळूहळू बाहेर येतात. ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायला डॉक्टरांना वेगळा परवाना लागायचा, ती अट २०२२ च्या डिसेंबरात गेली; आता सरकारी परवान्यानं मादक औषधं लिहून देणारा कुठलाही डॉक्टर ते देऊ शकतो. मेलेल्याला कुणीही काहीही लिहून देऊ शकत नाही. "फवारा आहे म्हणून पोरं बिनधास्त जास्त घेतील" असंही एक वहिनी म्हणाल्या. ज्यानं त्या उठण्याची अवस्था बघितलीय तो असं म्हणणार नाही. त्यासाठी कुणी मुद्दाम जास्त घेत नाही.

त्याच वहिनींचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता: "पण आपल्या मुलांचा याच्याशी काय संबंध?" संबंध असा. बाजारात फिरणाऱ्या निळ्या गोळ्या, ज्यांवर एका बाजूला एम आणि दुसऱ्या बाजूला ३० असतं, त्या दिसतात ऑक्सिकोडोन, असतं फेंटानिल. झॅनॅक्स या चिंतेवरच्या गोळीच्या नावाखालीही तसंच. अमेरिकेच्या अमली पदार्थ नियंत्रण यंत्रणेनं २०२४ मध्ये तपासलेल्या फेंटानिलयुक्त बनावट गोळ्यांपैकी दहांतल्या पाचांत जीव घेऊ शकेल एवढी मात्रा होती. त्याआधीच्या वर्षी दहांतल्या सातांत होती. परीक्षेच्या काळात झोप येत नाही म्हणून मोबाईलवरून एक गोळी मागवणाऱ्या पोराला कुणी गर्दुल्ला म्हणणार नाही, पण त्याचा श्वास थांबतो तो तसाच. कॉलेजात मूल पाठवताना आपण लोणचं, मेतकूट, थर्मामीटर, क्रोसिन भरतो. त्यात हे भरा, आणि मुलाला सांगा की हे तुझ्यासाठी नाही, तुझ्या खोलीतल्या कुणासाठी तरी लागेल. ते ऐकूनही घेतात मग.

आता कायद्याचं. काउंटरवर बसून त्याचा या मालाशी संबंध रोज दिसतो. फवारा चालायला दोन माणसं लागतात, आणि दार उघडं लागतं. पकडले जाण्याची भीती जितकी जास्त तितका माणूस एकटा, आतून कडी लावून घेतो. बंद दारामागे जगातलं सगळं नॅलोक्सोन निरुपयोगी आहे.

ओरेगॉनमध्ये २०२० च्या नोव्हेंबरात मेझर ११० या कायद्याच्या प्रस्तावावर मतदान झालं, अठ्ठावन्न टक्के लोकांनी हो म्हटलं, त्यात मीही होते. २०२१ च्या १ फेब्रुवारीपासून स्वतःपुरती थोडी अमली औषधं बाळगणं गुन्हा राहिलं नाही. वाहतुकीच्या दंडासारखी शंभर डॉलरची पावती, आणि एका फोन नंबरवर तपासणी करून घेतली तर तीही माफ. उपचारांसाठी गांजाच्या करातले पैसे द्यायचे होते. पावत्या लगेच सुरू झाल्या, पैसे पोचायला दीड वर्षाच्या आसपास गेलं. पावती मिळालेल्यांपैकी त्या नंबरवर मदत मागणारे जेमतेम एक टक्का. राज्याच्या लेखापरीक्षणात निघालं की एकेका फोनमागे सात हजार डॉलरच्या वर खर्च झाला. माझ्याकडेही गिऱ्हाइकांच्या खोल्यांत त्या पावत्या सापडायच्या, बहुतेक चुरगळून कचऱ्यात.

शहर वैतागलं, आणि त्याचं वैतागणं मला कळतं. बसथांब्यावर पोरं घेऊन उभ्या असलेल्या बाईला फॉइलचा धूर का सोसावा लागावा? २०२४ च्या जानेवारीअखेर गव्हर्नर टीना कोटेक यांनी शहराच्या मध्यभागात नव्वद दिवसांची आणीबाणी जाहीर केली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. सगळ्या वाहिन्यांनी निकाल देऊन टाकला: मोकळीक दिली आणि माणसं मेली. पण फेंटानिल पश्चिम किनाऱ्यावर पोचलं तेही नेमकं त्याच सुमारास. एका अभ्यासाला कायद्यामुळे मृत्यू वाढल्याचं दिसलं. फेंटानिल कधी आलं ते हिशेबात धरून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाला तसा संबंध दिसला नाही. ही दुसरी बातमी मी टीव्हीवर पाहिली नाही.

उदाहरण नेहमी पोर्तुगालचं देतात. तिथे १ जुलै २००१ पासून दहा दिवसांपुरता साठा बाळगणं गुन्हा नाही. पण पकडलं की फोन नंबरचं चिठोरं हातात देत नाहीत. एका समितीपुढे जावं लागतं, तिथे कायदा जाणणारे आणि आरोग्य किंवा समाजकार्यातली माणसं बसलेली असतात, ती तुमच्याशी बोलतात आणि उपचाराची वाट दाखवतात. वाट दाखवायची तर ती आधी असावी लागते, आणि ती त्यांनी आधी बांधली. ओरेगॉननं पावतीपुस्तक आधी छापलं. मत दिल्याची मला लाज नाही. राबवणाऱ्यांचा राग आहे. आता पुन्हा दारांना आतून कड्या लागतात, आणि मी अधिक वेळा दार ठोठावते.

एकट्यानं घेणाऱ्यांसाठी 'नेव्हर यूज अलोन' नावाची फोनसेवा आहे. घेण्याआधी फोन लावायचा, समोरचा माणूस तुमच्याशी बोलत राहतो, तुम्ही बोलायचे थांबलात तर ॲम्ब्युलन्स पाठवतो. मी तो नंबर प्रत्येक खोलीतल्या वायफायच्या पासवर्डखाली छापून ठेवलाय. मालकांनी आधी नाक मुरडलं, "धंदा खराब होईल, बहेन" म्हणाले. मग काढायला मात्र सांगितलं नाही.

देशभरात ओव्हरडोसचे मृत्यू २०२२ मध्ये एक लाख आठ हजारांच्या आसपास होते, २०२४ मध्ये सुमारे ऐंशी हजारांवर आले. त्याचं सगळं श्रेय या खोक्याला कुणी देऊ नये, कारणं अनेक आहेत. थोडं मी देते.

खरेदी करणार असाल तर काही गोष्टी. ४ मिलिग्रॅमचाच घ्या. ८ मिलिग्रॅमचाही फवारा निघालाय, दुप्पट म्हणजे दुप्पट चांगला असं वाटतं. पण न्यूयॉर्क राज्य पोलिसांनी दोन्ही वापरून पाहिले, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. वाचणाऱ्यांचं प्रमाण तेवढंच, ओकाऱ्या आणि टर्की मात्र जास्त. माझ्या बुटांकडे बघून ठरवा. ओठ 'निळे' झालेत का हे गोऱ्या कातडीवर दिसतं. आपल्यासारख्या सावळ्या किंवा काळ्या कातडीवर राखेसारखा रंग दिसतो, म्हणून ओठ उलटून आतून बघा, नखं बघा. हल्ली नशेच्या मालात झायलझिन हे जनावरांचं गुंगीचं औषध मिसळतात, त्यावर फवारा चालत नाही. माणूस श्वास घेतोय पण जागा होत नाही असं झालं तर डोसामागून डोस मारत सुटू नका. कुशीवर वळवा, श्वासावर लक्ष ठेवा, ॲम्ब्युलन्स येऊ द्या. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, थंडीत गोठू देऊ नका. आता बनणाऱ्या खोक्यांची मुदत चार वर्षांची असते. मुदत उलटली आणि दुसरं हाताशी नसलं तर तेच वापरा, काहीच नसण्यापेक्षा ते बरं.

आणि कुलुपात ठेवू नका. आमच्याकडे पहिलं खोकं मालकांनी तिजोरीत ठेवलं होतं, किल्ली त्यांच्याकडे, आणि ते बीव्हर्टनला घरी झोपलेले.

काम: पाच तारे. वापरायची सोय: पाच. सूचना: तीन, श्वास देण्याचं चित्र मोठं करा. किंमत: दोन. गिऱ्हाइकाचं समाधान: एक, तोही वॉफलचं मशीन दुरुस्त झाल्यावर.